गाडी कुठल्या सालाची करायची?

मराठवाड्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला दोन प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते, आणि विकायची का? पहिल्याचं खरं उत्तर दिलं की दुसरा विचारायची गरजच राहत नाही, समोरचा थेट आकडा सांगतो. तो आकडा भंगाराचा असतो. त्याचंही चूक नाही. आमच्या भागातल्या जुन्या लोखंडाची वाट बहुतेक वेळा जालन्याला जाते. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. ज्या गाडीत बसून आत्या सासरी गेली, ती एखाद्या कॉम्प्लेक्सचा कॉलम झालेली मला चालणार नव्हती. कारण एवढंच. बाकी सगळी हौस. आणि हौसेला मोल नसतं, हे वाक्य एकदा डेंटरच्या शेडमध्ये उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कधी कुणी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली ती निघायला लागली तेव्हा फियाट ११०० डिलाइट होती, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. नावं बदलत गेली; १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि लोकांच्या तोंडातलं फियाट मात्र वर्षानुवर्षं तेच राहिलं. लातूरला गंजगोलाईजवळ आबांची आडत होती. डिकीत कायम तुरीच्या, करडईच्या वानगीच्या पिशव्या. पुढचं सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे मोजायचं नाही, अशी तिची आसनक्षमता. उन्हाळ्यात तुळजापूरच्या वाटेवर ती हमखास बंद पडायची. त्या काळातल्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांचं तेच. बेचाळीस अंशांत पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरला काही पोचायचंच नाही. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि लिंबाच्या सावलीत बसून दशम्या सोडायच्या. आमच्या घरात फियाटच्या आठवणी बऱ्याचशा अशा बंद पडलेल्या गाडीच्याच आहेत. चालणारी गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुंबईच्या जुन्या गाडीला खारी हवा खाते. आमच्याकडे हवा कोरडी, दुष्काळी मुलखाचा तेवढा एक फायदा. इथे गाडीला मारतं ते ऊन. रंग खडूसारखा हाताला लागतो, डॅशबोर्डला भेगा पडतात, दारांचं रबर भुगा होऊन झडतं. पण पत्रा शाबूत. असं मी समजून होतो, कारण सगळे तसंच समजतात. मिस्त्रीनं पुढचं चाक काढलं आणि मडगार्डच्या आतल्या कपारीत लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसला. एक ढेकूळ खाली पडलं. मग दुसरं. काळी माती, दगडासारखी आवळलेली. फोडली तर आत ज्वारीचं भुसकट आणि करडईच्या पानाचा वाळलेला काटा. ते ढेकूळ निघालं तिथला पत्रा बोटानं दाबला, तर बोट आरपार गेलं.

आमची काळी माती पावसाळ्यात पोटभर पाणी पिते आणि पुढे महिनोन् महिने सोडत नाही. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, म्हणून आपण तिचं कौतुक करतो. मडगार्डच्या कोपऱ्यात बसून ती अगदी तेच करत होती. बाहेर कडक ऊन आणि आत पत्र्याला चिकटून दिवाळीपर्यंत ओल. मिस्त्री म्हणाला, "मालक, अर्धा एकर घेऊन फिरायलाव की ओ तुमी." फुटबोर्डाखालीही तोच प्रकार निघाला. जुन्या गाडीचा कुणी सल्ला विचारला तर मी आता एवढंच सांगतो, वरचा रंग बघू नका, आडवे पडून खाली बघा. आणि खिशात लोहचुंबक ठेवा. फडक्यात गुंडाळून दारावरून फिरवत न्यायचं. आमच्या मागच्या दारावर खालच्या बाजूला ते सुटून पायावर पडलं. तिथे पत्रा नव्हताच, होती बोटभर जाडीची लांबी. पुट्टीला आमच्याकडचे पेंटर लांबी म्हणतात. कुण्या एके काळी कुणीतरी भोक बुजवलं होतं, वर रंग मारून आमच्या हवाली केलं होतं, आणि त्यावर आम्ही इतकी वर्षं हात टेकून फोटो काढले होते.

डेंटरचं काम बघण्यासारखं असतं. पत्र्याच्या मागे डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, धरायची आणि पुढून हलकी हातोडी. ठोके जोरात नाहीत, एका तालात. मग वरून कानस फिरवायची. उंच जागा चकाकतात, खोलगट जागा काळ्याच राहतात, तिथे पुन्हा ठोकायचं. शेवटची तपासणी तळहाताची. पत्र्यावर पातळ फडकं टाकून त्यावरून तो हात फिरवायचा आणि डोळे मात्र रस्त्यावर, कोण चाललंय ते बघत. डोळ्याला जे सपाट दिसतं ते हाताला सपाट नसतं, हे मीही करून बघितलं. मला काही कळलं नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडताना तर तो एक टाका इथे आणि दुसरा वीतभर लांब मारायचा. सलग वेल्डिंग मारलं की पत्रा तापून वाकतो, म्हणून.

इथपर्यंत घरात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण लागलं ते रंगावरून.

मला आठवते ती गाडी क्रीम रंगाची. अण्णांनाही क्रीमच. पण डिकीच्या कडेचं रबर उपटलं आणि तिथे घासायचा पेपर मारला, तेव्हा क्रीमखाली राखाडी प्रायमर निघाला, त्याच्याखाली फिकट आकाशी आणि सगळ्यात खाली तांबडा ऑक्साइड. आत्याला फोन केला. "आकाशीच होती की रे! माझ्या लग्नात आकाशी होती, वर झेंडूच्या माळा." अण्णा म्हणाले, तिला काय आठवतंय, ती रडत होती. मग कपाटातून आरसी बुक काढलं. रंगाच्या रकान्यात 'ब्लू'. नव्वदच्या दशकात आबांनी गाडी क्रीम करून घेतली होती आणि नोंद केलीच नव्हती. खरं तर रंग बदलला की आरसीत तसं लिहून घ्यावं लागतं. म्हणजे आमची गाडी कागदावर आकाशी आणि रस्त्यावर क्रीम अशी कित्येक वर्षं राजरोस हिंडत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ मध्येच सहाशेवरून पाच हजार केली गेली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरायचे तर निदान रंग तरी एकच असावा.

जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेले माझे मित्र आहेत. त्यांचा कौल क्षणात आला, कंपनीचा रंग. रिस्टोरेशन म्हणजे कारखान्याच्या दारातून निघाली तशी गाडी उभी करायची, बाकी सगळं नुसतं डेंटिंग-पेंटिंग. त्यांचं शास्त्र मला मान्य आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असली तर तिला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आमची २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हाचं तेव्हा. पण कारखान्याच्या दारात आमच्यापैकी कुणीच उभं नव्हतं. आणि आकाशी रंग आबांनी तरी कुठे निवडला होता? त्या काळी नंबर लागला की जी गाडी येईल ती गुपचूप घरी आणायची. रंगाची आवड सांगणं म्हणजे रेशनच्या दुकानात गव्हाची जात विचारणं. आकाशी रंग नशिबानं आला होता. क्रीम मात्र आबांनी स्वतः ठरवलेला, धूळ दिसत नाही आणि उन्हात कमी तापतो अशी दोन कारणं देऊन. माझ्या मते माणसाची निवड तिथे सुरू झाली, म्हणून गाडीही तिथूनच धरायची. क्रीम.

आत्याची समजूत म्हणून डिकी आतून आकाशी ठेवली. आबांच्या पेंटरनं ती तशीच सोडलेली होती, बहुतेक कंटाळ्यानं. आत्या म्हणाली, "म्हंजी मी आता डिकीत बसून येऊ का?"

पेंटर काही वर्षं वाळूजला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढून परत आलेला. त्यामुळे त्याला मतं आहेत. जुन्या गाड्यांवर असायचा तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंट. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळला, मग तो घासून घासून चमक आणायची. आताचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर घालून मारतात, तो आतून रासायनिक पकड धरतो, उन्हाला टिकतो. आपल्याकडच्या उन्हात एनसी चारदोन वर्षांत खडू होतो हे त्याचं म्हणणं मी मानलं. पण हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, आणि हा गडी तोंडाला नुसता रुमाल बांधून गन हातात घेतो. मी चांगला मास्क आणून दिला. तो त्यानं शेडमधल्या खिळ्याला टांगला. फार मागे लागलो तेव्हा घातला, आणि दिवसभर माझ्याशी मास्कमधूनच बोलला, म्हणजे मला एक शब्द कळू नये.

रंगाची वेळ हवा ठरवते. पावसाळ्यात दमट हवेनं एनसीवर पांढरी झाक येते. मे महिन्यात गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो. आम्ही थंडी सरता सरता धरली. पहाटे शेडमध्ये जमिनीवर पाण्याचा सडा टाकायचा, धूळ बसली की कंप्रेसर सुरू करायचा, वारा उठायच्या आत हात संपवायचा. त्याआधी मात्र नुसती घासाई. प्रायमरवर काळ्या रंगाचा उडता हात मारायचा आणि पाण्यातला पेपर फिरवायचा. जिथे काळा डाग राहील तिथे खड्डा. ३२०, मग ४००, मग ६००, आणि प्रत्येक वेळी पाणी. बादलीच्या बादल्या. लातूरच्या माणसाचा जीव इथे खालीवर होतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही घरात आंघोळीचं पाणी संडासाला वापरत होतो, आणि हीच गाडी अंगणात धुळीनं माखून उभी होती. आता तिला इतकं पाणी पाजायचं? पेंटरला म्हटलं, तेच पाणी पुन्हा वापर. म्हणाला, त्यातल्या कणाची एक रेघ उठली की सगळं दार पुन्हा घासायचं, पाणी जास्त जाईल. हिशेब त्याचाच बरोबर होता. शेडचं ते राखाडी पाणी समोरच्या बाभळीला जातं. बाभळीचं काही बिघडलेलं नाही.

सुट्या भागांची कथा वेगळीच. या गाडीचे पार्ट बाजारात टिकले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जिवावर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर दुकानदारांचं कारणही गेलं. दारांचं रबर, तिकोन्या काचेची खिटी, मागच्या दिव्याची काच, हे आता कुर्ल्याला ओळखीच्या माणसाकरवी शोधावं लागतं आणि येईल तेव्हा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं. बंपर निकेल करायला संभाजीनगरला पाठवले. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, असे थर चढवून आले आणि गाडीपेक्षा तेच जास्त मिरवायला लागले.

रंग झाला. गाडी शेडमधून बाहेर काढली आणि अण्णांना दाखवली. ते एक चक्कर मारून आले, बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "एवढी चकचकीत कधीच नव्हती आपली गाडी." मित्र म्हणाले आकाशी हवी होती, आत्या म्हणाली फोटो पाठवू नको, आणि आता हे. मी पेंटरला विचारलं, २००० चा पेपर मारून जरा उतरवता येईल का चमक. त्यानं मास्क काढला. "मालक, लोकं चमक कमी पडली म्हणून पैसे कापतेत. तुमी चमक काढायला सांगायलाव. काढतो, पण त्याचे वेगळे पैसे पडतील." सध्या भाव चालू आहे. महिनाभर पॉलिश लावायचं नाही म्हणून गाडी तशीच अंगणात आहे, आणि तोपर्यंत धुळीनं जेवढी उतरेल तेवढी फुकटात उतरेल, असं अण्णांचं म्हणणं आहे.