अवकाळी, सापुतारा आणि आठ वर्षांचे टायर

या हिवाळ्यात नाशिक-दिंडोरी-वणी-सापुतारा हा एकच रस्ता मी दोनदा धरला. नोव्हेंबरअखेरीस एकदा, जानेवारीत एकदा, दोन्ही वेळा अवकाळीत. जेमतेम ८० किलोमीटरचा रस्ता. गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर, दोन सीटची, इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी, जुनी घेतलेली. पहिल्या वेळी वणीच्या पुढूनच परत फिरलो. दुसऱ्या वेळी सापुताऱ्याच्या तळ्याकाठी भजी खाऊन आलो. मधल्या काळात गाडीचं दुसरं काहीच बदललं नाही, फक्त टायर बदलले.

पहिल्या शनिवारी सकाळी मिसळ हाणून म्हसरूळमार्गे निघालो तेव्हा नुसतं आभाळ होतं. दिंडोरी सोडल्यावर पाऊस लागला. आता हे नीट ऐका: हा पाऊस जुलैतल्यासारखा नसतो. जुलैत रस्ता धुऊन निघालेला असतो. नोव्हेंबरात दीड महिन्याची धूळ, डिझेलचे डाग, टायरचा भुगा सगळं रस्त्यावर बसलेलं असतं आणि पहिल्या सरीत त्याचा लेप होतो. त्यात द्राक्षबागांतून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात.

वणीच्या पुढे एका डाव्या वळणावर नेमका तसा पट्टा होता. वेग पन्नाशीच्या आसपास, तिसरा गिअर. एक्सलेटर जरासा दाबला आणि मागचा भाग उजवीकडे निघाला. डॅशबोर्डवर गाडी घसरतेय हे सांगणारा पिवळा दिवा लुकलुकला, स्टिअरिंग उलटं फिरवलं, आणि गाडी साइडपट्टीवर अर्धी वळून थांबली. कुठे काही लागलं नाही. बांधावर घोंगडी पांघरून बसलेले एक बाबा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "सकाळपासून तुम्ही तिसरे. पहिले दोघं मोटरसायकलवाले, ते तर पार आडवे झाले."

मला वाटायचं माझे टायर उत्तम आहेत. नक्षी ५ मिलिमीटर शिल्लक होती. आपल्याकडे कायद्याने किमान १.६ लागते, खाचांमधले बारीक उंचवटे तेवढ्यावरच असतात, आणि पावसासाठी ३ च्या खाली जाऊ नये असं मी स्वतःच लोकांना सांगत आलोय. घरी येऊन टॉर्च लावून टायरची बाजू वाचली. 'डॉट' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३१५. म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षं! रबरात नख रुतत नव्हतं, खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या. स्पोर्ट्स कारचं दुखणं हेच असतं. रोजच्या वापराची गाडी टायर झिजवते, ही उभी राहून वाळवते. आणि नक्षी दिसते म्हणून मालक निर्धास्त.

मग शोधाशोध सुरू. परदेशी लोक हिवाळ्यासाठी वेगळे विंटर टायर सुचवतात आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. तापमान ७ अंशांखाली गेलं की समर, म्हणजे गरम हवेसाठीच्या, टायरचं रबर कडक पडतं. पण आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा ढग असतात, आणि ढग असले की थंडी कमी होते. निफाडचा पारा पेपरात झळकतो ते दिवस कोरडे असतात. म्हणून नाशिककराने विंटर टायरवर पैसे घालू नयेत, उन्हाळ्यात ते मऊ पडून भराभर झिजतील. आपल्याला पाणी बाहेर फेकणारा, ताजा, चांगल्या रबराचा समर टायरच हवा. शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे अर्धवट गुळगुळीत टायर दिसायला झकास असतात, पण थंड ओल्या रस्त्यावर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रुंदी वाढवायचा मोहही टाळा. टायर जितका रुंद, तितका पाण्यावर लवकर तरंगतो. मी कंपनीचंच माप ठेवलं: पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८. घेतले मिशलिन पायलट स्पोर्ट ४. बाजूवर 'ट्रॅक्शन' या शब्दापुढे डबल ए असेल तर उत्तम, ती परीक्षा ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची असते. माझे जुने टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, होते, नवे साधे घेतले. या गाडीत स्टेपनी नाही, त्यामुळे आता डिकीत पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप कायम. चारही टायरची किंमत ऐकून बायको एवढंच म्हणाली, "येवल्याला गेलो असतो तर दोन पैठण्या आल्या असत्या." त्यावर उत्तर नव्हतं.

दुकानात दोन गोष्टींवर नजर ठेवा. पैसे देण्याआधी चारही टायरची तारीख स्वतः वाचा. मला दाखवलेला पहिला जोड अडीच वर्षांचा होता, "साहेब, नवाच आहे" म्हणून. आणि नक्षी दोन बाजूंना वेगळी असेल तर 'आउटसाइड' हा शब्द बाहेरून दिसला पाहिजे. माझ्या मागच्या डाव्या चाकावर 'इनसाइड' दिसत होतं. पोराला दाखवलं, त्याने निमूटपणे पुन्हा उतरवला.

टायर बसवले की लगेच घाट गाठू नका. नव्या रबरावर साच्यातून निघताना आलेला गुळगुळीत थर असतो. दोन-तीनशे किलोमीटर सरळ रस्त्यावर सबुरीने चालवा. मी आठवडाभर गंगापूर रोड आणि सिन्नर करत राहिलो.

हवेचं मात्र नाशिकच्या थंडीत खास लक्ष ठेवावं लागतं. साधारण साडेपाच-सहा अंशांमागे एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी-जास्त होतो. दुपारी २९ अंशांत पंपावर भरलेली हवा पहाटे १० अंशांत तीन पीएसआयने उतरलेली असते. हवा कमी असली की टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो. पावसात मुद्दाम हवा कमी करणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरमध्येच मोजा. रनफ्लॅट असतील तर गेजशिवाय पर्यायच नाही, ते हवा गेली तरी ताठ दिसतात.

जानेवारीत पुन्हा रिमझिम लागली आणि मी निघालो. त्याच वळणावर तसाच चिखल. या वेळी वेग चाळीस, एक्सलेटर स्थिर. गाडी किंचित अंग चोरून निघून गेली, पिवळा दिवा पेटला नाही. बोरगावपासून हातगडच्या बाजूला चढताना धुकं होतं, वायपर मंद, एका वळणावर उसाची ट्रॉली अचानक समोर. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या वेळेला ही ट्रॉली भेटली असती तर काय, हा विचार भजी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

परतताना वणीत अंधार होऊ देऊ नका. ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, आणि चिखल अंधारात डांबरासारखाच दिसतो. बाबा बांधावर नव्हते.