पडद्याच्या मागचा थर

आर्वीकडचे एक काकाजी आले होते, कापूस वेचणीचे दिवस, सकाळी उठल्यापासून एका डोळ्याने धूसर दिसून राहिलं एवढंच सांगत होते. "मॅडम, मोतीबिंदूच असन, ऑपरेशन करून टाका, वेचनी सुरू हाय." बीपी घेतला तर 190/110, गोळ्या कधीच्याच बंद, का तर काही त्रासच नव्हता म्हणे. बाहुली मोठी करायचं औषध टाकून आमच्या डॉक्टर सरांनी पाहिलं तर डोळ्याच्या पडदाभर रक्ताचे डाग, शिरा फुगून वाकड्यातिकड्या, म्हणजे पडद्याची मुख्य शीरच तुंबलेली.

ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, मी काढते. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, सुजून 600 मायक्रॉनच्या वर जाड, मधोमध पाण्याच्या पोकळ्या, हे तर अपेक्षितच होतं. पण अशा पेशंटचा मी ईडीआय मोडवर पण स्कॅन घेतेच, त्यात पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, खोलवर दिसतो. सुजेची सावली पडत होती म्हणून खालची बॉर्डर शोधायला वेळ लागला, पण मोजला तर 350 भरला आणि चांगल्या डोळ्यात 260. आता तुंबली रेटिनाची, म्हणजे पडद्याची शीर, कोरॉइडचा रक्तपुरवठा तर वेगळा, मग तो का फुगावा? तर ऑक्सिजन कमी पडला की रेटिना व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन भरपूर सोडते, ते मागेही झिरपतं आणि तिथल्या वाहिन्याही गळायला लागतात असं मानतात.

फिजिशियनकडून बीपी आटोक्यात आणला आणि सरांनी व्हीईजीएफला अडवणारं बेवासिझुमॅबचं इंजेक्शन दिलं, मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्यात फक्त 0.05 मिली. महिन्याने परत स्कॅन केला तर मॅक्युला 310 आणि कोरॉइडही 290 वर उतरलेलं! नजर 6/60 वरून 6/24 पर्यंत सुधारली. इंजेक्शनचा असर इतका मागपर्यंत जातो हे समोर स्क्रीनवर पाहताना मला खरंच भारी वाटलं.

काकाजींचं मात्र सुरू, "आता दिसते ना, मंग कायले सुई?" इथंच आमचे किती पेशंट सुटतात, फार जीवावर येतं. मी दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले, म्हटलं शीर अजून तुंबलेलीच आहे काकाजी, औषध उतरलं की हे परत फुगू शकते. सुनबाईला पटकन समजलं, बीपीच्या गोळ्या तिने स्वतःच्या पिशवीत ठेवल्या आणि पुढची तारीख बाजाराचा दिवस सोडून मागितली, त्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते.