मेलमधली एसडीएफ आणि ट्रेवरची एसडीएफ

पहाटे सर्व्हरवरच्या एमडीएडीएमची (लिनक्समध्ये अनेक डिस्क जोडून सांभाळणाऱ्या साधनाची) मेल आली: एमडी० या ॲरेत, म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या संचात, बिघाड, संबंधित डिस्क एसडीएफ१ (एसडीएफचा पहिला विभाग). त्यानंतर वीज गेली, यूपीएस उतरला, आणि वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप चालू झाला. आम्ही छापखान्यात पोहोचलो तेव्हा ४ टीबीची नवी डिस्क खोक्यातून बाहेर काढून ठेवलेली होती आणि तिथला ऑपरेटर चौथ्या ट्रेच्या खटक्याला हात घालून विचारत होता, "सर, हीच ना?" त्या ट्रेवर सुबक स्टिकर होता: एसडीएफ.

त्याला आधी थांबवलं. सहा डिस्कचं रेड ५, म्हणजे एकच डिस्क जाणं सोसणारी रचना, आणि त्यातली एक आधीच बाद. अशा वेळी एक चांगली डिस्क ओढली की अख्खा ॲरे बसतो. (इतक्या मोठ्या सहा डिस्कवर रेड ५ करूच नये, दोन डिस्क जाणं सोसणारं रेड ६ करावं, पण तो ज्याने मशीन बांधलं त्याच्याशी घालायचा वाद.)

लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही अक्षरं डिस्क सापडेल त्या क्रमाने वाटली जातात. या मशीनमध्ये सिस्टिमच्या दोन एसएसडी मदरबोर्डच्या साटा पोर्टवर होत्या आणि डेटाच्या सहा डिस्क वेगळ्या एचबीए कार्डावर (जास्तीच्या डिस्क जोडायच्या कार्डावर). आधीच्या बूटमध्ये मदरबोर्डचा ड्रायव्हर आधी जागा झाला होता, म्हणून एसएसडींना ए आणि बी, डेटाला सी ते एच. वीज आल्यावर कार्डाचा ड्रायव्हर पुढे गेला. आता डेटा ए ते एफ, एसएसडी जी आणि एच. म्हणजे मेलमधली एसडीएफ आता एसडीडी होती, आणि आत्ताची एसडीएफ ठणठणीत होती.

मग बिघडलेली कोणती, हे सांगणार कोण? ॲरे स्वतःच. प्रत्येक सदस्य डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या ॲरेच्या माहितीत, इव्हेंटचा आकडा असतो; ॲरेत बदल होत गेले की तो वाढतो. एमडीएडीएमच्या एक्झामिन पर्यायाने सहाही विभाग तपासले. पाचांचा आकडा सारखा, एसडीडी१ चा मागे राहिलेला. कर्नलच्या लॉगमध्येही तिला शिळी ठरवून बाहेर काढल्याची ओळ होती. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या प्रलंबित सेक्टरमध्ये, आकडा शून्याच्या बराच वर. त्याच आउटपुटमधून तिचा सीरियल नंबर कागदावर उतरवला. तिथून पुढे अक्षर बाद. डेव्ह-डिस्कमधल्या बाय-आयडी फोल्डरमध्ये मॉडेल आणि सीरियल असलेलं नाव असतं, तेच प्रत्येक कमांडमध्ये वापरलं.

सीरियल कळला तरी ती कोणत्या खणात आहे हे कळत नाही. हा वेगळा प्रश्न आहे आणि लोक इथेच फसतात. खणाचे दिवे ताब्यात देणारा बॅकप्लेन (ट्रेमागचा जोडणीचा बोर्ड) असता तर एलईडीसीटीएल या कमांडने दिवा लावता आला असता; हा साधा होता. म्हणून सांबा (फाइल शेअरिंगची सेवा) बंद केलं, ॲरे अनमाउंट केला, सगळे दिवे शांत होऊ दिले आणि त्या एकाच डिस्कवरून डीडी या कमांडने अर्धा मिनिट नुसतं वाचन केलं, आउटपुट डेव्ह-नलला, म्हणजे कुठेच न साठवता. वाचन आयफ्लॅग डायरेक्ट या पर्यायाने करावं, नाहीतर आधी वाचलेला डेटा मेमरीतल्या कॅशमधून येऊ शकतो आणि दिवा लागतच नाही. डिस्क पूर्ण मेलेली असेल तर उलटं करायचं: बाकीच्या एकेक वाचायच्या, ज्या खणाचा दिवा कधीच लागत नाही तो आपला.

दिवा लुकलुकला पहिल्या ट्रेचा. कार्डाच्या एका कनेक्टरमधून चार डिस्कच्या तारा निघतात. त्या चारही उलट्या क्रमाने लावलेल्या होत्या. स्टिकर लावणाऱ्याने डावीकडून उजवीकडे अक्षरं चिकटवली होती, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासूनच चुकीची होती.

चालू मशीनमधून डिस्क काढता आली असती, पण दुबळ्या ॲरेवर ती मर्दुमकी नको. मशीन बंद केलं, पहिला ट्रे ओढला, लेबलवरचा सीरियल कागदाशी ताडला. ८ आणि बी, ० आणि ओ डोळ्याला सारखे दिसतात, म्हणून फोनने बारकोडही वाचला.

नव्या डिस्कवर विभागांचा तक्ता एसजीडिस्क या कमांडच्या आर पर्यायाने चांगल्या डिस्कवरून उतरवला. इथे क्रम उलटा वाटतो: आर ला चिकटून नवी डिस्क येते आणि शेवटी जुनी, चांगली. उलट लिहिलं तर चांगल्या डिस्कवर रिकामा तक्ता चढतो. त्यानंतर जी पर्याय चालवायलाच हवा, कारण नकलेबरोबर जीयूआयडीही (डिस्क आणि विभागांचे एकमेव ओळखक्रमांक) जसेच्या तसे येतात आणि बाय-पार्टयूयूआयडीमध्ये दोन डिस्क एकाच नावावर भांडतात. मग नवी डिस्क ॲरेत ॲड केली आणि तिच्यावर डेटा पुन्हा बांधला जाऊ लागला. सरासरी सेकंदाला १५० एमबी धरले तर ४ टीबीला साडेसात तास, आणि साधारण तेवढेच लागले.

तेवढ्या वेळात एफएसटॅब (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी) पाहिला. बॅकअपची यूएसबी डिस्क तिथे एसडीआय१ म्हणून होती. एक डिस्क कमी दिसली की तीच एसडीएच होते, आणि मग बूट दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. तिथे यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक) आणि नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू नये) घातलं. यूएसबी डॉकसाठी बाय-आयडी टाळलं, कारण बऱ्याच डॉकची चिप डिस्कचा नव्हे, स्वतःचाच सीरियल सांगते. यूयूआयडीलाही एक पथ्य आहे: डीडीने डिस्कची नक्कल केली की तोही नकलेत जातो. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अशी जुळी डिस्क माउंट करायला नकार तरी देते. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये डेटाच बिघडू शकतो.

ट्रेवरचे जुने स्टिकर खरवडून सीरियलची शेवटची चार अक्षरं चिकटवली. सुरुवातीची नकोत, एकाच खेपेतल्या डिस्कची ती सारखीच असतात. बिघडलेली डिस्क वॉरंटीत पाठवण्याआधी दुसऱ्या मशीनला लावून बाय-आयडी नावानेच पूर्ण पुसायला घेतली. सुपरब्लॉक तसाच राहिला असता तर जिथे जोडली जाईल तिथे एमडी१२७ नावाचा अर्धवट ॲरे उभा राहिला असता.