पांढऱ्या एलईडीचं शेपूट

फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणारी नळी, किती चटकन प्रतिसाद देतो ते तपासायचं होतं. त्यासाठी काही नॅनोसेकंदांची (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) प्रकाशाची पल्स हवी, आणि पिकोसेकंद लेझर घ्यायची आमची ऐपत नव्हती. मग कापुस्टिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेलं, एलईडीतून अशी पल्स काढणारं सर्किट जोडायला घेतलं. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, ट्रान्झिस्टरची जोडी, २४ व्होल्ट, एक एलईडी. ट्रिगर मिळाला की दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चालू ठेवतात आणि कपॅसिटर एलईडीतून रिकामा होतो. सगळं सामान कपाटातच सापडलं.

पहिला तास एलईडीच्या पायांनी खाल्ला. तार करंटच्या बदलाला विरोध करते; हा विरोध, म्हणजे इंडक्टन्स, तारेच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री धरा. चाळीस नॅनोहेन्रीतून एका नॅनोसेकंदात अर्धा अँपिअर चढवायचा तर वीस व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. चोविसातले उरले किती? पाय कापून एलईडी बोर्डाला चिकटवला, तेव्हा करंट सरळ झाला.

प्रकाश मात्र सरळ होईना. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पल्सची चढण झकास, आणि मागे शंभर-दोनशे नॅनोसेकंद रेंगाळणारं शेपूट. ट्रान्झिस्टर बदलले, केबलच्या टोकाला ५० ओहम आहेत ना ते दोनदा पाहिलं, व्होल्टेज कमी-जास्त केलं. पल्सची उंची बदलायची, शेपटाचा उतार तसाच. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

दुपारी माझ्यासोबत काम करणारा विद्यार्थी डोकावला. ‘‘मॅडम, एलईडी पांढरा का लावलाय?’’

का म्हणजे, अंधारात डोळ्यांना दिसावा म्हणून! सेकंदाला हजार पल्स मारल्या तरी पाच नॅनोसेकंदांच्या हिशेबाने एलईडी सेकंदातले पाच मायक्रोसेकंदच पेटतो. सर्किट चालू आहे की नाही ते नुसत्या नजरेने कळावं म्हणून हाताला आला तो झगझगीत एलईडी मी लावला होता.

आणि पांढरा एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा थर. निळा प्रकाश संपला तरी सीरियमयुक्त फॉस्फर आपल्या चालीने विझतो, साठ-सत्तर नॅनोसेकंदांच्या घरात. ट्रान्झिस्टर कितीही बदला, त्याला काय फरक पडणार! तो तर सर्किटच्या बाहेर बसलाय.

निळा एलईडी लावला आणि शेपूट गेलं. अगदी सगळं नाही. एलईडीच्या चिपमधल्या जंक्शनमध्ये उरलेल्या चार्जचं थोडं राहिलंच. त्यासाठी एलईडीला समांतर छोटी कॉइल जोडली. ती सुरुवातीला करंट साठवते आणि शेवटी एलईडीला उलटं व्होल्टेज देऊन तो चार्ज उपसून काढते. किती वेढे घालायचे हे मी गणित न करता, एकेक सोडवत ठरवलं. संध्याकाळपर्यंत पल्स सहा नॅनोसेकंदांवर आली.

विद्यार्थ्याने खोलीतले दिवे घालवले आणि एलईडीवर वाकून बघत म्हणाला, ‘‘काहीच दिसत नाहीये.’’

‘‘थांब जरा,’’ मी म्हटलं, ‘‘डोळे सरावू देत.’’