काडेपेटीएवढी रिंग

लंडनमधल्या वेम्बली स्टेडियमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून पाहिले, की फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध मांडलेली बॉक्सिंगची रिंग काडेपेटीएवढी दिसते आणि तिच्यात उतरलेले साडेसहा फुटी गडी त्या पेटीतल्या काड्यांएवढे. २९ एप्रिल २०१७ च्या रात्री मी तिथे होतो. ब्रिटनचा अँथनी जोशुआ आणि युक्रेनचा व्लादिमिर क्लिच्को यांची लढत पाहायला सुमारे ९० हजार माणसे जमली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ती माझ्याप्रमाणेच टांगलेल्या मोठ्या पडद्यावर पाहिली असावी, असा माझा दाट संशय आहे. घरी दिसणाऱ्या पडद्याऐवजी पैसे मोजून, थंडीत कुडकुडत दुसरा पडदा पाहण्याच्या या प्रकाराला आम्ही सगळे ‘प्रत्यक्ष पाहणे’ म्हणतो.

बॉक्सिंगचे षौकीन एकत्र आले, की एक प्रश्न हटकून निघतो : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला सर्वांत थोर हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातला बॉक्सर, कोणता? त्यातला ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ हा भाग मला मोठा गमतीचा वाटतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आखाडा मध्यभागी ठेवून भोवतीची बैठक चढती केलेली आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. हेवीवेटच्या मोठ्या लढतींचा हिशेब उलटा आहे. पैलवान जितका नामांकित तितके मैदान मोठे, आणि मैदान जितके मोठे तितका पैलवान बारीक. १९२६ मध्ये फिलाडेल्फियात जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांची लढत १ लाख २० हजारांहून अधिक लोकांनी पावसात भिजत पाहिली. तेव्हा तर पडदेही नव्हते. शेवटच्या रांगेत बसलेल्याने घरी जाऊन काय वर्णन केले असेल, ते तोच जाणे.

बरे, जवळ बसल्याने सगळे दिसतेच असेही नाही. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावी मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची दुसरी लढत झाली, तेव्हा प्रेक्षक अडीच हजारही नव्हते, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी लग्नाएवढी गर्दी. तरीही पहिल्याच फेरीत लिस्टन ज्या ठोशाने आडवा झाला तो ठोसा आपल्याला दिसलाच नाही, असे त्यांतले कितीतरी जण सांगत राहिले आणि त्याला ‘भुताचा ठोसा’ असे नाव पडले. १९८८ मध्ये अटलांटिक सिटीत माइक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवले. त्या रात्री जे आपली खुर्ची शोधत होते त्यांनीही पुढे ‘टायसनला प्रत्यक्ष पाहिले’ असेच सांगितले असणार, आणि ते खोटे तरी कसे म्हणावे?

आपल्याकडच्या ज्या भाग्यवंतांना अलीला प्रत्यक्ष लढताना पाहता आले, त्यांचीही गोष्ट थोडी अशीच आहे. २७ जानेवारी १९८० रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर तो आपल्या कौर सिंग यांच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला. कौर सिंग लष्करातले. पुढे १९८२ च्या एशियाडमध्ये त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. दिल्लीकरांना दिसला तो अली दहाच दिवसांपूर्वी ३८ वर्षांचा झालेला आणि निवृत्ती जाहीर करून बसलेला होता. त्यानंतर आठ महिन्यांनी तो लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर पुन्हा उभा राहिला आणि दहा फेऱ्यांनंतर त्याच्याच माणसांना लढत सोडून द्यावी लागली. तेव्हा दिल्लीत पाहिलेला अली हा थोर अली होता, की थोर अलीचे नाव धारण केलेला एक मनमिळाऊ, जडावलेला गृहस्थ? टेलिव्हिजनवर किंवा चित्रफितींत आपल्याला माणसाची सगळी कारकीर्द मिळते. तिकीट काढून जाणाऱ्याच्या वाट्याला त्याची फक्त एक रात्र येते, आणि ती कोणती असेल हे त्याच्या हाती नसते.

म्हणूनच मी पाहिलेला सर्वांत थोर हेवीवेट कोण, या प्रश्नाला माझे उत्तर वेम्बलीत त्या रात्री हरलेल्या माणसाचे आहे. क्लिच्को ४१ वर्षांचा होता, जोशुआ २७ चा. खरे सांगायचे तर क्लिच्को मला कधीच फारसा आवडत नसे. तो जवळपास दहा वर्षे जगज्जेता होता, पण डावा हात पुढे धरून प्रतिस्पर्ध्याला लांब ठेवायचे, तो जवळ आलाच तर त्याला मिठी मारायची आणि विमा कंपनीच्या हिशेबनिसासारखी धोका टाळून लढत जिंकायची, ही त्याची रीत होती. वेम्बलीत पाचव्या फेरीत तो खाली पडला, तेव्हा सगळे संपले असे आम्हांला वाटले. तो उठला, आणि सहाव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताने जोशुआच आडवा झाला. नव्वद हजार माणसे एकदम गप्प होतात तेव्हा कसे वाटते, हे मात्र पडद्यावर कळत नाही. आयुष्यभर हिशेबाने वागलेला माणूस चाळिशी उलटल्यावर हिशेब गुंडाळून ठेवतो, हे दृश्य मला रिंगपासून तेवढ्या अंतरावरही दिसले. अकराव्या फेरीत जोशुआचा तो प्रसिद्ध अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर मारलेला ठोसा, बसला, क्लिच्को दोनदा पडून दोनदा उठला आणि शेवटी तो उभा असतानाच रेफरीने लढत थांबवली.

तो अपरकट माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा उभा आहे : क्लिच्कोची मान मागे फेकली जाते आणि उडालेला घाम दिव्यात चमकतो. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आले, की ही आठवण दोरांच्या जवळून, खालच्या बाजूने पाहिलेली आहे. माझ्या जागेवरून फार तर दोघांचे टाळू दिसले असते. त्यातच पुढचे सगळे लोक तेव्हा उभे राहिले होते.

म्हणूनच वेम्बलीतच राहणाऱ्या आमच्या एका वृद्ध इंग्रज शेजाऱ्यांनी कॅशिअस क्लेची, म्हणजे पुढे मुहम्मद अली झालेल्या बॉक्सरची, गोष्ट सांगितली, तेव्हा मी त्यांची चूक काढली नाही. १९६३ च्या जून महिन्यात, जुन्या वेम्बलीवर, वडिलांबरोबर गेलेले ते शाळकरी पोर होते. इंग्रज बॉक्सर हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, क्ले चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी खाली बसला आणि घंटेने त्याला वाचवले. मग त्याच्या प्रशिक्षकाने, म्हणजे अँजेलो डंडीने, फाटलेल्या ग्लोव्हकडे बोट दाखवले. ‘चांगली पाच मिनिटे नवा ग्लोव्ह शोधत होते,’ असे शेजारी आजही शपथेवर सांगतात. चित्रफीत पाहिली तर ती विश्रांती नेहमीच्या एका मिनिटापेक्षा जेमतेम काही सेकंद लांबलेली दिसते. पुढच्याच फेरीत कूपरच्या भुवईवरची जखम इतकी वाहू लागली, की लढत थांबवावी लागली. ज्या पोराचा हीरो असा हातातोंडाशी आलेला घास गमावून बसला, त्याच्या घड्याळात पाच मिनिटेच होणार.

त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला सर्वांत थोर हेवीवेट क्लेच असणार, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी कूपरचे नाव घेतले. कारण विचारले तर ते मला ईलिंग रोडवर घेऊन गेले. आता तिथे गुजराती दुकानदारांकडे तोंडली, गवार आणि मोसमात हापूसच्या पेट्या मिळतात, आणि आमच्या घरची भाजी तिथूनच येते. त्याच रस्त्यावर साठच्या दशकात कूपरचे भाजीचे दुकान होते. आई बटाटे आणायला पाठवायची, आणि एखाद्या दिवशी नशीब असले तर गल्ल्यामागे स्वतः कूपर उभा असायचा, असे ते म्हणाले. कूपर जन्माचा डावखुरा, त्यामुळे पिशवी तो डाव्याच हाताने पुढे करायचा, त्याच हाताने. स्टेडियमवर आपण किती लांब बसलो होतो हे त्यांना आता आठवत नाही. दुकानातले अंतर मात्र त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर उभे राहून मला दोन्ही हात पसरून दाखवले. ते दीड हातही नव्हते.