जुनी नेक्सॉन ईव्ही, नवतपा अन् चिखलदरा: दोन गाड्यांचा हिशोब

नवतपा लागला होता, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, नागपुरात सकाळी आठलाच बाल्कनीच्या ग्रिलला हात लावता येत नव्हता, म्हणून बायको म्हणे चिखलदऱ्याला चला. गाडी आपली तीच, २०२१ ची नेक्सॉन ईव्ही, पहिली वाली, ३०.२ किलोवॅट अवरची बॅटरी, म्हणजे आपल्या भाषेत ३० युनिटची टाकी. साडूनं नुकतीच क्रेटा इलेक्ट्रिक घेतली, मोठी बॅटरीवाली, ५१.४. त्याला कळलं तर तो म्हणे भाऊ, आम्ही पण येतो, अन् वरून हसत हसत, "तुमची गाडी घाट चढते का पण?" तर राजेहो, ही ट्रिप त्या एका वाक्यामुळे जास्त झाली, थंड हवेमुळे कमी. दोन्ही गाड्यांचे आकडे मी मोबाईलमध्ये लिहीत गेलो, त्यातूनच हे लिहून राहिलो.

आधी थोडं मागचं. ही गाडी जानेवारी २०२० ला आली तेव्हा सुरुवातीची किंमत १३.९९ लाख होती अन् कागदावर रेंज ३१२ किमी. तेव्हा समोर कोण होतं तर ह्युंदाईची कोना अन् एमजीची झेडएस ईव्ही, दोन्ही आपल्या बजेटच्या बाहेर. आता बघा, खुद्द नेक्सॉनच ४५ युनिटची येते, ४८९ किमी सांगतात, एमजीची विंडसर प्रो ५२.९ ची आहे, महिंद्राच्या बीई ६ ची मोठी बॅटरी तर ७९ युनिटची. त्या हिशोबानं माझी गाडी म्हणजे लग्नात जुना कोट घालून आलेला काका. पण कागदावरचे किमी रस्त्यावर कोणालाच मिळत नाहीत, ना जुन्याला ना नव्याला. माझी नवी होती तेव्हा हायवेवर ८० च्या स्पीडनं २१० निघायचे, आता २०० च्या आतबाहेर. चार वर्षं नागपूरच्या उन्हात उभी राहून एवढंच कमी झालं हे मला तरी पटण्यासारखं वाटते. बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे त्याचा हा फायदा, ४५ डिग्रीत ते कामी येते.

निघालो पहाटे पाचला. हे पहिलं सांगणं, नवतप्यात निघायचं तर पाचलाच निघा, सात नाही, साडेसहा पण नाही. गारव्यात एसीला कमी ताण, टायर कमी तापतात, अन् वाडीपासून गोंडखैरीपर्यंत ट्रक कमी असतात. टायरची हवा आदल्या दिवशी संध्याकाळी चेक केली होती, गाडी थंड असताना, कारण गरम टायरवर हवा मोजली की आकडा जास्त दिसते अन् पंपवाला उगाच कमी करून देतो.

बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, रस्ता झकास आहे, चार पदरी. स्पीड ८० ला क्रूझवर लावून ठेवला. साडू १०० नं पुढे निघून गेला, तळेगावला चहाच्या टपरीवर भेटला तर तोंडावर विजयी हास्य. मी म्हटलं भाऊ, चहा तर दोघं सोबतच पिऊन राहिलो न. तळेगावचा सत्याग्रही घाट छोटासाच आहे पण तिथं बघा, चढताना पटकन दोनेक टक्के जातात. मग तिवसा, मोझरी, गुरुकुंजला बाहेरूनच हात जोडले, नांदगाव पेठ, अन् आठच्या सुमारास अमरावती. साधारण १५५ किमी. माझी बॅटरी १०० वरून २४ वर, क्रेटाची १०० वरून ५३ वर. तो १०० नं पळवत आला म्हणून ५३, ८० नं आला असता तर ५६-५७ राहिली असती. युनिटमध्ये काढलं तर माझ्या गाडीनं कमी वीज खाल्ली. आमच्या जुन्या बाईचं हे एक आहे, जेवते कमी, पण डब्बाच छोटा.

आता खरा फरक इथं सुरू होतो. क्रेटाला अमरावतीत थांबायची गरजच नव्हती, सरळ वर जाऊ शकत होती. मला थांबावंच लागलं. पहिल्या चार्जरवर गेलो तर ॲपमध्ये 'उपलब्ध' अन् प्रत्यक्षात स्क्रीन काळी, शेजारी कोणाची तरी डिझेल गाडी सावलीत आडवी लावलेली. कंपनीचं नाव घेत नाही, हे सगळीकडेच होते. वीस मिनिटं तिथं गेली. दुसरा चार्जर चालू होता, पण चार्जर ६० किलोवॅटचा असला तरी माझी गाडी घेते २४-२५ च, त्याच्यापेक्षा जास्त ती घेतच नाही, तुम्ही १२० चा लावा नाहीतर हजारचा लावा. २४ ते ८० व्हायला पाऊण तास, अन् ८० च्या वर तर ती बैलगाडी होते, ९२ पर्यंत आणखी पंचवीस मिनिटं. एकूण एक तास दहा मिनिटं. नव्या गाड्यांसमोर ही गाडी हरते ती रेंजमध्ये नाही, इथं हरते. बीई ६ वाले १७५ किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० वीस मिनिटांत सांगतात. अर्थात तसा चार्जर तुमच्या रस्त्यात असला तर.

पण त्या सव्वा तासात आम्ही काय केलं तर गिला वडा खाल्ला, दही टाकून, दोन दोन प्लेट. मेहुणी म्हणे, "भाऊजी, तुमच्या गाडीमुळे नाश्ता तर धड झाला, हे तर थांबूच देत नाहीत." साडू गप्प.

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाडा ५० किमीच्या वर. ऊन चढलं होतं, एसी दोनवर. परतवाड्यात माझी बॅटरी ६६ वर. आता तिथून वर तीसेक किमी, त्यात घाट. घाटाचं गणित लोकांना भीतीचं वाटते पण सोपं आहे. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत गाडी सातशेच्या वर मीटर उंच चढते, चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. माणसं अन् सामान धरून गाडी १७०० किलो पकडा, तर नुसतं तेवढं वजन वर उचलायला साडेतीन युनिट लागतात, रस्ता कापायचे वेगळे. माझ्या गाडीत ते साडेतीन युनिट म्हणजे बारा-तेरा टक्के, क्रेटात सात. म्हणून छोट्या बॅटरीवाल्यानं घाटाच्या पायथ्याशी ४५ टक्क्यांच्या खाली असेल तर वर जाऊच नये, वर सॉकेट मिळेलच याचा भरवसा नाही. मी ३९ वर पोचलो, साडू २३ वर. चढायच्या ताकदीचं म्हणाल तर २४५ न्यूटन मीटरचा टॉर्क आहे, वळणावरून निघताना पेट्रोलवाले मागे राहतात, अन् वरच्या दोन-तीन जागी रस्ता खोदून ठेवला होता तिथं माझा २०५ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स कामी आला. साडूनं तिथं बायकोला खाली उतरवून दगड बघायला लावले. मी काही बोललो नाही. आरशात बघितलं फक्त.

वर मस्त. नागपूरच्या मानानं आठ-दहा डिग्री कमी, संध्याकाळी चक्क वारा. मे मध्ये भीमकुंडात पाण्याची धार वगैरे शोधू नका, कोरडं असते, धबधबे बघायचे तर जुलैनंतर या. देवी पॉईंट, गाविलगड किल्ला सकाळी सकाळी करा, किल्ल्यावर सावली नाही, पाणी सोबत न्या. कॉफी प्या, इथं पिकते, अन् मोथा गावची रबडी खाल्ल्याशिवाय उतरू नका. साडूनं गाडीच्या व्ही टू एल वर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय असते त्यावर, विजेची किटली लावून पॉईंटवर चहा केला, हे मात्र मानलं, बाजूच्या पोरांनी येऊन व्हिडिओ काढले. माझ्या गाडीत ते नाही. मागची डिक्की पण त्याची मोठी, वर पुढे बॉनेटखाली पण छोटा कप्पा.

रात्रीची गंमत ऐका. हॉटेलात बुकिंग करताना फोनवर विचारलं होतं, चार्जिंग होईल का, तर म्हणे "हो न साहेब, प्लग आहे." प्लग होता, मोबाईलचा. हा प्रश्न असा विचारू नका. असं विचारा की १६ अँपिअरचा मोठा सॉकेट पार्किंगपासून किती दूर आहे अन् त्याला अर्थिंग आहे का. जमलं तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवा. शेवटी तळमजल्याच्या एका रिकाम्या खोलीच्या एसीचा पॉईंट मिळाला, खिडकीतून वायर बाहेर काढली, तर चार्जरवर लाल लाईट. अर्थिंग नाही. हॉटेलच्या इलेक्ट्रिशियननं मागच्या बाजूला गीझरचा पॉईंट दाखवला, तिथं हिरवा लागला. चांगला सॉकेट एकच, अन् गाड्या दोन.

अन् इथं जुनी गाडी बरोबरीत आली बघा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर कोणतीही गाडी लावा, तासाला पावणेतीन युनिटच्या आसपासच जातात. म्हणजे त्याच चार तासात माझे ४० टक्के वाढतात अन् त्याचे २०-२२. मी नऊला लावली, एक वाजता लाईन गेली, तोवर ७९ झाले होते. तीनला लाईन आली तेव्हा उठून मी माझी काढून त्याची लावली (हे मी केलं, तो घोरत होता, नोंद असू द्या). सकाळी आठपर्यंत क्रेटा ५० वर. मोठी टाकी भरायला मोठा नळ पण लागते, अन् हॉटेलात नळ सगळ्यांना सारखाच. हॉटेलवाल्याला दोन्ही मिळून ४०० रुपये दिले, तो खूश, पुढच्या वेळी पण या म्हणे.

एक बारीक गोष्ट. वरून उतरायचं असेल तर १०० टक्के भरू नका, मिळत असलं तरी. बॅटरी भरलेली असली की रीजन, म्हणजे उतारावर मोटरच गाडी रोखते अन् त्यातून बॅटरी भरते ते, जवळपास होत नाही, ब्रेकच दाबत या मग, अन् तापलेल्या ब्रेकचा वास घाटभर. ८५-९० वर काढा. पहिल्या नेक्सॉनला आधी रीजनच्या लेव्हल नव्हत्या, २०२२ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर मिळाल्या, तो ज्यांनी अजून घेतला नसेल त्यांनी घ्या. सगळ्यात वरची लेव्हल लावून उतरलो, ब्रेकला क्वचित पाय लागला, घाट संपला तेव्हा ७९ चे ८१ झाले होते. बायकोला दाखवलं तर म्हणे, बरं. एवढंच.

परत अमरावतीत दोघांनाही थांबावं लागलं. मी ५५ वरून ९३ केले, पाऊण तास. तो ३५ वरून ७० वर अर्ध्या तासात मोकळा, म्हणजे चार्ज तर माझ्यापेक्षा जास्त युनिट केले अन् वेळ कमी. दुपारी दोनचं ऊन, एसी फुल, हायवेवर समोरून भट्टीसारखा वारा. १४ टक्क्यांवर घरी पोचलो. खरं सांगतो, कोंढाळी ते वाडी मी स्पीड ७० वर आणला होता अन् गाणी पण बंद केली होती, गाण्यानं काय फरक पडते माहीत नाही पण केली.

पैशाचं म्हणाल तर येणंजाणं अन् वरचं फिरणं धरून पावणेपाचशे किमी, घरची वीज ३०० ची, अमरावतीचं दोन्ही वेळचं मिळून सव्वासातशे, हॉटेलचे माझ्या वाटचे २००. साडेबाराशेच्या आत. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला यालाच तीन हजाराच्या वर लागायचे. पण क्रेटाचा खर्च माझ्यापेक्षा कमी आला, कारण मोठी बॅटरी घरूनच स्वस्त वीज भरून निघते, महागडा फास्ट चार्जर तिला एकदाच लागला.

मग जुनी विकून नवी घ्यावी का, हे साडूनं विचारलंच. मी हिशोब केला, वर्षाला अशा ट्रिपा होतात पाच-सहा. रामटेक, पेंच, सेवाग्राम, ताडोबा, यातलं काहीही नागपूरहून दीडशेच्या आतच आहे, तिथं ही गाडी नव्याच्या तोडीस तोड. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी, माझे झाले ५८ हजार. विकायला गेलो तर डीलर जो भाव सांगते तो ऐकून गाडीला कानात कापूस घालावा वाटते. म्हणून ठेवतो. मात्र समृद्धीनं पुण्या-मुंबईकडे नेहमी जाणं असेल तर ही नका घेऊ, सेकंडहँड स्वस्त मिळाली तरी नका घेऊ. तिथं १२० ची लिमिट बघून पाय दाबला जाते, रेंज दीडशेवर येते अन् मग प्रत्येक थांब्यावर तासभर. त्याला निदान ४५ च्या वरची बॅटरी पाहिजे.

सेकंडहँड बघत असाल तर टेस्ट ड्राईव्ह दहा मिनिटांची घेऊ नका. १०० टक्के भरायला लावा, ८० च्या स्पीडनं कोंढाळीपर्यंत जाऊन या, अन् किती टक्के गेले ते किमीनं भागा. शंभर किमीला ५० टक्क्यांच्या आसपास गेले तर ठीक, ६० च्या वर गेले तर हात जोडून परत द्या.

अन् सोबत एक दहा मीटरची जाड वायरची एक्स्टेन्शन ठेवा, ४ स्क्वेअर एमएमची, हार्डवेअरच्या दुकानातून बनवून घ्या, रेडीमेड पातळ वायरवाली नको, ती तापते. माझी साडूकडे राहिली आहे, पुढच्या आठवड्यात तो ताडोबाला चालला.