मित्राकडे राहिलो, पण खाणावळ देऊन

२०२४ च्या कापूस हंगामात हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) काट्यावर नोंदी करायचं तीन महिन्यांचं काम मिळालं. तिथून बारा किलोमीटरवर कॉलेजातल्या मित्राचं गाव. फोनवरच त्याला सांगितलं, महिन्याचे तीन हजार देईन. तो भडकला. "पैशाचं बोलशीन त येऊच नको."

चार दिवस बोलणं बंद. मग मीच गेलो. दिवस वेचणीचे. अंगणातल्या कडुलिंबाला काटा टांगलेला, बायका एकेक गाठोडं अडकवत होत्या, मित्राची आई, म्हणजे काकू, वहीत आकडे मांडत होत्या. वेचणी किलोला दहा रुपये, म्हणजे क्विंटलमागे हजार, आणि तेही बाजाराच्या दिवसाआधी रोख. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,५२१ रुपये होता खरा, पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की सरकारी खरेदी केंद्रावर कापूस घेत नाहीत. त्यामुळे खोली कापसानं भरलेली आणि हातात पैसा नाही. अशा घरात तीन महिने दोन्ही वेळा फुकट जेवणं मला जमणारच नव्हतं.

काकूंशी बोललो. "लेकरू जेवते, त्याचा हिशेब मांडाचा काय आता?" म्हणत त्या आत वळल्या. मी म्हटलं, काकू, हिंगणघाटात खोली नि डब्याला याहून जास्तच गेले असते. परक्याला द्यायचे अन् तुम्हाला नाही, हे कसं? त्या गप्प राहिल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

मग असं ठरलं: सिलिंडर मी भरायचा, वीजबिलही मीच (ग्राहक क्रमांक टाकला की मोबाइलवरून कोणाचंही भरता येतं), बाजारातून तेल, साखर, चहापत्ती मी आणायची. उरलेले एक तारखेला काकूंच्या हातात. पहिल्या महिन्याच्या नोटा त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवल्या, तशाच राहिल्या. डिसेंबरात एकदा मजूर बाया पैशासाठी अंगणात थांबल्या होत्या, तेव्हा त्याच नोटा काढून काकूंनी मोजल्या. मला फार बरं वाटलं. मित्रानंही पाहिलं. रात्री जेवताना त्यानं न विचारता माझ्या ताटात जवसाची चटणी वाढली.

पुढच्या हंगामात पुन्हा काम मिळालं, तेव्हा फोन थेट काकूंनाच केला.

"पैशाचं मागच्यावानीच ना?"

"हो काकू."

"मंग ये. खोली सारवून ठेवते."